स्थायी सूचना आणि मालकाची संमती : रोख्यांच्या सौदापूर्तीतील काही दस्तऐवजांची चिकित्सा

(१)

रोखेबाजाराविषयीच्या लिखाणात भावांची चढउतार, भांडवलाची उभारणी आणि सट्ट्याचे नियंत्रण या विषयांना जितके स्थान मिळते, तितके सौदा पुरा होण्याच्या क्रियेला मिळत नाही. सौदा ठरला की तो पुरा झालाच, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः सौदा ठरणे हा दोन पक्षांमधील केवळ करार होय. विक्रेत्याचे रोखे खरेदीदाराच्या खात्यात जमा होणे आणि खरेदीदाराचा पैसा विक्रेत्याच्या हाती पडणे, ही दोन्ही कामे झाल्याखेरीज त्या कराराला फळ येत नाही. या दुसऱ्या टप्प्याला सौदापूर्ती म्हणतात. रोखे कोणत्या खात्यातून निघून कोणत्या खात्यात जावेत, पैसा कोणत्या बँकेतील कोणत्या खात्यात जमा व्हावा, हे प्रत्येक सौद्याच्या वेळी नव्याने सांगावे लागू नये म्हणून जो तपशील एकदाच नोंदवून ठेवला जातो, त्याला सौदापूर्तीची स्थायी सूचना असे नाव आहे.

मोठ्या वित्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांत या सूचनांचे स्वतंत्र शास्त्रच बनले आहे. रोखे सांभाळणाऱ्या कस्टोडियन बँकेचा संकेतांक, तिच्याकडील खाते क्रमांक, सौदापूर्ती ज्या मध्यवर्ती संस्थेत व्हायची तिचे नाव आणि रकमेसाठीचे बँक खाते, एवढा तपशील तीत अचूक असावा लागतो. त्यातला एक अंक चुकला किंवा जुना राहिला, तरी सौदा नियत दिवशी पुरा होत नाही. सौदापूर्तीची मुदत जसजशी आखूड होते, तसतसा चूक दुरुस्त करण्याचा अवकाशही आक्रसत जातो. भारतात एप्रिल २००३ पासून सौद्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पूर्ती होत असे. फेब्रुवारी २०२२ ते २७ जानेवारी २०२३ या काळात टप्प्याटप्प्याने ही मुदत एका दिवसावर आली. अमेरिकेने हेच पाऊल २८ मे २०२४ रोजी उचलले. अशा स्थितीत स्थायी सूचनेची गरज कोणी नाकारू शकणार नाही.

तथापि सूचनेची गरज मान्य करणे आणि तिचे कोणतेही रूप निर्दोष मानणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्थायी सूचनेत मालकाची संमती आगाऊ घेतलेली असते. ज्या सौद्याचा अद्याप जन्मही झालेला नाही, त्याविषयी मालक आजच होकार देऊन ठेवतो. तेव्हा या आगाऊ होकारात नेमके काय कायम केले गेले आणि काय मोकळे राहिले, हा चिकित्सेचा खरा प्रश्न ठरतो. भारतातील सामान्य गुंतवणूकदाराच्या बाबतीत गेल्या सत्तर वर्षांत वापरात आलेल्या हस्तांतरपत्र, डिलिव्हरी स्लिप, मुखत्यारपत्र आणि डीडीपीआय या दस्तऐवजांच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

(२)

या परंपरेतील पहिला दस्तऐवज म्हणजे शेअरचे हस्तांतरपत्र. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार विक्रेता व खरेदीदार या दोघांच्या सह्या असलेले, मुद्रांक लावलेले हस्तांतरपत्र शेअर प्रमाणपत्रासह कंपनीकडे आल्याशिवाय हस्तांतराची नोंद होत नसे. कायद्याची कल्पना स्पष्ट होती : देणारा कोण आणि घेणारा कोण, हे एकाच कागदावर एकत्र दिसावे. बाजाराने या कल्पनेला सोयीची वाट काढून दिली. विक्रेता आपली सही करून घेणाऱ्याची जागा कोरी ठेवी आणि तो कागद प्रमाणपत्रासह हातोहात फिरत राही. मधल्या दहा खरेदीदारांची नावे त्यावर कधी येतच नसत; अखेरचा धारक आपले नाव भरून कंपनीकडे पाठवी. या प्रथेला आळा घालण्यासाठी १९६५ च्या दुरुस्तीने हस्तांतरपत्राच्या नमुन्यावर ठरलेल्या अधिकाऱ्याचा दिनांकित शिक्का आवश्यक केला आणि त्याच्या वैधतेला मुदत घातली.

कोऱ्या हस्तांतरपत्राचा दोष सहीच्या खोटेपणात नव्हता. सही खरीच असे. देणारा निश्चित पण घेणारा अनिश्चित, हा तो दोष होता. ज्याच्या हाती कागद पडला त्याच्याकडे मालकाच्या इच्छेचा अर्थ ठरविण्याचा अधिकार आपोआप जात असे. पुढे आलेल्या दस्तऐवजांची परीक्षा करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण कागद गेला तरी ती कोरी जागा गेली नाही.

हाच दोष पैशाच्या बाजूनेही कसा उद्भवतो, हे १९९२ च्या रोखे घोटाळ्याने दाखवून दिले. त्या प्रकरणाच्या चौकशीसाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीच्या अहवालांतून जे चित्र पुढे आले, त्यात एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या नावे काढलेले धनादेश दलालाच्या खात्यात जमा झाल्याची प्रकरणे होती. धनादेशावर घेणाऱ्याचे नाव होते. परंतु रक्कम कोणत्या खात्यात घालावी याची सूचना दलाल देत होता आणि ती सूचना प्रथा म्हणून पाळली जात होती. पैसा देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे म्हणणे मध्यस्थाच्याच तोंडून ऐकण्याची सवय लागली, की सूचनेचा खरा कर्ता कोण हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

(३)

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर प्रमाणपत्राची जागा खात्यातील नोंदीने घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरीचे कामकाज सुरू झाले आणि १९९९ मध्ये सेंट्रल डिपॉझिटरी सर्व्हिसेस ही दुसरी संस्था आली. या बदलाने कागदाची चोरी, बनावट प्रमाणपत्रे आणि सही न जुळल्याने परत येणारे हस्तांतर यांपासून बाजाराची मोठ्या प्रमाणात सुटका झाली, हे निर्विवाद आहे. परंतु या कायद्याच्या ९ व्या कलमातील एका तरतुदीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. डिपॉझिटरीतील रोखे परस्परांशी अदलाबदलीयोग्य मानले जातात. त्यांना प्रमाणपत्रावर असे तसे पृथक् अनुक्रमांक नसतात. कागदी शेअर हरवला तर त्याच्या अनुक्रमांकावरून त्याचा माग काढता येई. डीमॅट खात्यातील शंभर शेअर दुसऱ्या खात्यात जाऊन मिसळले, की ते ‘तेच’ शंभर शेअर राहत नाहीत. त्यांची ओळख केवळ खात्याच्या क्रमांकात उरते. साहजिकच जी सूचना रोखे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेते, तिच्यावर पूर्वी प्रमाणपत्र, अनुक्रमांक, सही व कंपनीची नोंदवही या चौघांत विभागलेला भार एकत्र येऊन पडला.

आरंभीच्या व्यवस्थेत या भाराची जाणीव होती, असे म्हणावयास आधार आहे. खाते उघडण्याच्या अर्जातच गुंतवणूकदाराला अशी स्थायी सूचना देता येई की, खात्यात येणारे रोखे वेळोवेळी न विचारता जमा करून घ्यावेत. खात्यातून रोखे बाहेर जाण्यासाठी मात्र प्रत्येक वेळी सूचनापत्र, म्हणजे व्यवहारात ज्याला डिलिव्हरी स्लिप म्हणतात ते, भरून द्यावे लागे. त्यावर मालकाचा खाते क्रमांक, रोख्याचा बारा अक्षरांकी संकेतांक, नगसंख्या, घेणाऱ्याचे खाते, सौदापूर्तीचा क्रमांक व तारीख, आणि अखेर सही, एवढे सर्व येत असे. जमाखर्चाच्या परिभाषेत सांगायचे तर जमेची संमती स्थायी आणि नावेची संमती प्रासंगिक, अशी ही विषम रचना होती. या विषमतेत व्यवहाराचे शहाणपण होते. खात्यात काही आल्याने मालकाचे सहसा नुकसान होत नाही. जाण्याने होऊ शकते.

डिलिव्हरी स्लिप हा या मालिकेतील सर्वांत पूर्ण दस्तऐवज होय. देणारा, घेणारा, वस्तू, परिमाण आणि कारण या पाचही गोष्टी त्यात एकत्र येतात. तरीही त्याने दिलेले संरक्षण पुरेसे ठरले नाही. अनेक गुंतवणूकदार सह्या केलेल्या कोऱ्या स्लिपा दलालाच्या कचेरीत ठेवून देत, आणि तसे करू नये अशी सूचना डिपॉझिटरींना पुन्हा पुन्हा द्यावी लागली. म्हणजे कोऱ्या हस्तांतरपत्राचीच ही नवी आवृत्ती होती. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र सही मागितल्याने मालकाची संमती जिवंत राहते, हे गृहीत येथे कोसळते. पुनरावृत्तीने सहीची सवय होते आणि सवयीची सही कोरी होऊ लागते. आज त्या जागी मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक आला असला, तरी मनुष्यस्वभाव बदललेला नाही.

(४)

स्लिपेच्या कटकटीवर उपाय म्हणून दलालाच्या नावे मुखत्यारपत्र करून देण्याची पद्धत रूढ झाली. संगणकावरून सौदे होऊ लागल्यावर तर ते जवळजवळ अपरिहार्य मानले जाऊ लागले. ग्राहकाने घरी बसून शेअर विकावा आणि स्लिप देण्यासाठी कचेरीत धावावे, हे विसंगत होते. परंतु या एका कागदाने नावेची प्रासंगिक संमतीही स्थायी झाली आणि मूळच्या विषम रचनेचे शहाणपण लोपले.

मुखत्यारपत्रावर सामान्यतः घेतला जाणारा आक्षेप असा की, त्याची भाषा फार व्यापक होती आणि दलालाला त्यातून अमर्याद अधिकार मिळाले. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सेबीने २३ एप्रिल २०१० च्या परिपत्रकाने मुखत्यारपत्राला स्पष्ट मर्यादा घातल्या होत्या. ते देण्याची सक्ती करता येणार नाही, ग्राहकाला ते केव्हाही रद्द करता येईल आणि त्याचा उपयोग त्याच दलालामार्फत झालेल्या सौद्यांची पूर्ती, मार्जिन आणि अशाच काही नेमक्या कारणांसाठी करता येईल, असे त्यात म्हटले होते. म्हणजे २०१० नंतरचे मुखत्यारपत्र शब्दांच्या दृष्टीने मोकाट नव्हते.

तरीही पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंग या संस्थेविरुद्ध अंतरिम आदेश काढला. ग्राहकांचे रोखे संस्थेने स्वतःच्या नावाच्या डीमॅट खात्यात वळवून ते कर्जासाठी तारण ठेवले, असा सेबीचा प्राथमिक निष्कर्ष होता. ९५,००० हून अधिक ग्राहकांचे सुमारे २,३०० कोटी रुपयांचे रोखे त्यात गुंतले असल्याचे नमूद झाले. ग्राहकांच्या मुखत्यारपत्राच्या बळावर या संस्थेने दिलेल्या सूचना डिपॉझिटरींनी पाळू नयेत, असा आदेश त्यात होता. डिसेंबरच्या आरंभी त्यांपैकी ८२,००० हून अधिक ग्राहकांच्या खात्यांत रोखे परत गेले, आणि एप्रिल २०२३ च्या अंतिम आदेशाने संस्थेला सात वर्षांसाठी रोखेबाजारातून दूर ठेवण्यात आले.

या प्रकरणाचा विचार सामान्यतः एका संस्थेच्या अप्रामाणिकपणाच्या अंगाने होतो. दस्तऐवजाच्या चिकित्सेच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. मुखत्यारपत्रात हेतू लिहिलेला होता. पण रोखे हलविण्याची सूचना आली तेव्हा ती त्या हेतूची आहे की नाही, हे ताडून पाहण्याचे साधन डिपॉझिटरीजवळ नव्हते. तिला दिसत होते एवढेच, की सूचना देणाऱ्याजवळ अधिकारपत्र आहे. हेतूची साक्ष देणारा एकमेव पक्ष दलाल हाच होता, आणि हेतूबाहेर जाण्याने लाभही त्याचाच होता. ज्याच्यावर मर्यादा घालायची त्याच्याच तोंडून मर्यादेचे पालन झाल्याचे ऐकायचे, या रचनेत शब्द कितीही काटेकोर असले तरी ते निष्फळ ठरतात. कोऱ्या हस्तांतरपत्रात घेणाऱ्याची जागा डोळ्यांना कोरी दिसत होती. मुखत्यारपत्रात ती शब्दांनी भरलेली दिसत असूनही व्यवहारात कोरीच राहिली.

(५)

४ एप्रिल २०२२ च्या परिपत्रकाने सेबीने मुखत्यारपत्राच्या जागी ‘डीमॅट डेबिट अँड प्लेज इन्स्ट्रक्शन’ हा नवा दस्तऐवज आणला. त्याचे डीडीपीआय हे आद्याक्षरी नावच बाजारात रूढ झाले आहे. सौद्याच्या पूर्तीसाठी रोखे वजा करणे आणि मार्जिनसाठी तारण ठेवणे, एवढ्या दोनच कामांपुरता तो प्रथम मर्यादित होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये शेअरबाजाराच्या व्यासपीठावरील म्युच्युअल फंडांचे व्यवहार आणि खुल्या देकारात शेअर देणे या दोन कामांची त्यात भर पडली. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अंमलात आला. तो ऐच्छिक आहे. ज्याला तो द्यायचा नाही त्याला स्लिप किंवा संगणकीय स्लिप वापरता येते.

या सुधारणेचे श्रेय डीडीपीआयच्या आटोपशीर शब्दरचनेला देण्याची प्रवृत्ती आढळते. वरील विवेचनावरून ते श्रेय अंशतःच योग्य ठरते. हेतूंची यादी लहान झाली हे खरे, पण यादी तर २०१० मध्येही होती. खरा फरक त्याच सुमारास झालेल्या आणि तुलनेने कमी चर्चिल्या गेलेल्या तीन बदलांनी पडला.

पहिला बदल तारणाचा. पूर्वी मार्जिनसाठी द्यायचे रोखे दलालाच्या खात्यात वर्ग होत. सप्टेंबर २०२० पासून ते मालकाच्याच खात्यात राहतात आणि त्यांच्यावर तारणाची नोंद चढते. दुसरा बदल पडताळणीचा. २०२२ च्या अखेरीपासून ग्राहकाच्या खात्यातून दलालाच्या पूल खात्याकडे, म्हणजे अनेक ग्राहकांचे रोखे जेथे एकत्र येतात त्या खात्याकडे, पूर्तीसाठी जाणारी प्रत्येक सूचना डिपॉझिटरी क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून आलेल्या देण्याशी ताडून पाहते. ग्राहक, दलाल, रोखा, नगसंख्या आणि सौदापूर्तीचा क्रमांक जुळला तरच सूचना पुढे जाते. तिसरा बदल येणाऱ्या रोख्यांचा. खरेदी केलेले शेअर पूर्वी दलालाच्या पूल खात्यात येत आणि तेथून ग्राहकाकडे जात. ५ जून २०२४ च्या परिपत्रकानुसार ते थेट ग्राहकाच्या खात्यात जमा करण्याची व्यवस्था ठरली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पूर्णपणे अंमलात आली.

या तिन्ही बदलांत एक समान सूत्र आहे. त्यांपैकी एकानेही ग्राहकाकडून अधिक सह्या मागितल्या नाहीत, आणि दलालाच्या सचोटीवर अधिक विश्वासही टाकला नाही. त्यांनी रोख्यांचे ठिकाण बांधून टाकले आणि सूचनेच्या हेतूची साक्ष तिसऱ्याच पक्षाच्या नोंदीतून घेतली. देणे किती आणि कोणाचे, हे क्लिअरिंग कॉर्पोरेशनला बाजारातील सौद्यांवरूनच कळते. ते दलालाने सांगावे लागत नाही. ठिकाण बांधणारी स्थायी सूचना मालकाचे रक्षण करते. अधिकार देणारी स्थायी सूचना स्वतंत्र पडताळणी असेल तेवढ्यापुरतीच निरुपद्रवी असते. या दोन प्रकारांना एकच नाव असल्याने त्यांची गल्लत होते.

(६)

असे असले तरी आजची व्यवस्था निर्दोष झाली, असे म्हणता येणार नाही. दोन उणिवांचा निर्देश येथे करणे अवश्य आहे.

पहिली उणीव काळाची. डीडीपीआय ग्राहकाने रद्द करीपर्यंत चालू राहतो. दलालाकडे पडून असलेल्या ग्राहकाच्या पैशाबाबत मात्र निराळा नियम आहे : चालू खात्यात रक्कम ठेवण्याची संमती दिली असली, तरी ग्राहकाच्या पसंतीनुसार महिन्याला किंवा तिमाहीला ती रक्कम परत करून हिशेब मिटवावा लागतो. पैशाच्या बाजूला स्थायी संमतीला ठराविक काळाने विराम मिळतो आणि रोख्यांच्या बाजूला मिळत नाही, ही विसंगती समर्थनीय वाटत नाही. १९६५ मध्ये कायद्याने हस्तांतरपत्राच्या वैधतेला मुदत घातली, त्यामागील विचार येथेही लागू पडतो. नियतकालिक नूतनीकरणाने ग्राहकाला त्रास होईल, हा आक्षेप खरा आहे. पण काही वर्षांतून एकदा होणारा त्रास आणि प्रत्येक सौद्याला होणारा त्रास यांत फार अंतर आहे. शिवाय क्वचित मागितलेली संमती सवयीची होत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर असून ती ठिकाण बांधणाऱ्या सूचनेतच आहे. ठिकाण बांधले की ते जुने होण्याचा धोका उत्पन्न होतो. गुंतवणूकदार घर बदलतो, बँकेची शाखा दुसरीत विलीन होते, खाते बंद पडते, मालक मरण पावतो. नोंदलेली सूचना मात्र तशीच राहते. याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १२४ व्या कलमावरून दिसते. लागोपाठ सात वर्षे ज्या शेअरवरील लाभांश घेतला गेला नाही, तो शेअरच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतो. मालकाला किंवा त्याच्या वारसाला तो अर्ज करून परत मिळविता येतो, पण अनेक कुटुंबांना असा शेअर आपल्या नावावर होता याचीच वार्ता नसते. येथे कोणी लबाडी केलेली नसते. कोणे एके काळी बरोबर असलेली सूचना कोणी तपासली नाही, एवढेच घडलेले असते. मुखत्यारपत्राच्या दुरुपयोगात मालकाची संमती दुसऱ्याने वाकविली. येथे ती काळाने निर्जीव केली. मालकाच्या दृष्टीने परिणाम पुष्कळसा सारखाच होतो.

आंतरराष्ट्रीय संस्था आपल्या स्थायी सूचना सामायिक संगणकीय संग्रहांत ठेवतात, त्यांतील बदलावर दुसऱ्या अधिकाऱ्याची मान्यता घेतात आणि जुन्या नोंदी वेळोवेळी तपासतात. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळा सेवकवर्ग असतो. सामान्य गुंतवणूकदाराकडे असा सेवकवर्ग नाही; त्याचे काम व्यवस्थेनेच अंगावर घेतले पाहिजे. लाभांश एकदा परत आला, की त्याच वेळी डीमॅट खात्यातील बँकेच्या नोंदीविषयी खातेदाराला व त्याच्या नामनिर्देशित व्यक्तीला विचारणा व्हावी. सात वर्षांनी शेअर वर्ग होण्याची वाट पाहिली जाऊ नये.

(७)

कोऱ्या हस्तांतरपत्रापासून डीडीपीआयपर्यंतचा हा प्रवास केवळ कागदाकडून संगणकाकडे झालेला नाही. घेणाऱ्याची कोरी जागा कोण भरणार, या एकाच प्रश्नाची ती उत्तरे आहेत. १९६५ च्या कायद्याने त्या जागेला मुदत घातली, डिलिव्हरी स्लिपने ती भरण्यास लावले, मुखत्यारपत्राने ती पुन्हा मध्यस्थाच्या हाती दिली आणि २०२० नंतरच्या सुधारणांनी ती बाजाराच्या स्वतंत्र नोंदीशी बांधली. शेवटचा उपाय आजवरचा सर्वांत समर्थ आहे, कारण तो मालकाच्या दक्षतेवर आणि दलालाच्या सचोटीवर सारखाच कमी विसंबतो. मात्र त्याचा कक्षाविस्तार मर्यादित आहे. बाजारात झालेल्या सौद्यांचे देणे क्लिअरिंग कॉर्पोरेशनला ठाऊक असते. बाजाराबाहेर होणाऱ्या हस्तांतराचे, लाभांशाच्या खात्याचे आणि मृत खातेदाराच्या वारसाचे तसे नाही. त्या क्षेत्रांत मालकाची इच्छा कोणत्या स्वतंत्र नोंदीशी ताडून पाहायची, याचे उत्तर अद्याप मिळावयाचे आहे. वाणिज्य आणि कायदा या दोन्ही शाखांच्या अभ्यासकांनी आपले लक्ष यापुढे तिकडे वळविणे उपयुक्त ठरेल.